पेपर स्प्रे : निवड, वापर आणि कायदा

पेपर स्प्रे म्हणजे मिरचीच्या अर्काचा, लहानशा डब्यात दाबाखाली भरलेला फवारा. वाळलेल्या लाल मिरचीतून द्रावकाच्या मदतीने दाट, तेलकट अर्क काढतात. त्याला ओलिओरेझिन म्हणतात आणि त्यातला दाहक पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. मिरचीत तो बियांमध्ये नसतो, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात तयार होतो. सिल्लोड आणि भोकरदनच्या शिवारात मिरची तोडणाऱ्या बायांच्या हातांची आग हात धुऊनही रात्रीपर्यंत राहते, ती याच पदार्थामुळे. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळते.

उष्णता जाणवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राही असतो. एरवी तो साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो. कॅप्सेसिन चिकटले की उष्णता नसतानाही तो मेंदूला भाजल्याचा निरोप धाडतो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राही शोधला आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. फवारा डोळ्यांत गेला की पापण्या आपोआप घट्ट मिटतात, पाणी वाहू लागते, नाकाघशात आग होते, खोकल्याची उबळ येते. डोळे उघडणे माणसाच्या हातात राहत नाही. तीव्र त्रास बहुधा अर्धा ते पाऊण तास टिकतो आणि त्वचेची जळजळ त्याहून जास्त वेळ राहते. नशेतल्या किंवा अतिशय चवताळलेल्या माणसावर परिणाम उशिरा किंवा कमी होऊ शकतो. प्रत्येकाला हमखास लोळवणारा असा कोणताही फवारा नाही. हल्लेखोराला काही क्षण आंधळे करून निसटायला वेळ मिळवून देणे, एवढेच या साधनाचे काम आहे. निवड, सराव आणि वापर या तिन्हींचा विचार याच कामापासून सुरू करावा लागतो.

पर्समध्ये मिरचीपुडीची पुडी ठेवण्याची पद्धत जुनी आहे, पण ती भरवशाची नाही. पूड वाऱ्याने उडते, दमट हवेत गोळा होते, हातभर अंतरापलीकडे जात नाही आणि फेकणाऱ्याच्या डोळ्यांत जाण्याचा धोका मोठा असतो. पाण्यात तिखट कालवून साध्या फवारणीच्या बाटलीत भरले, तर कण तोंडाशी अडकतात. तयार डब्याचा उपयोग अर्कापेक्षाही दाबामुळे अधिक होतो. बटण दाबताच ठरावीक अंतरावर ठरावीक आकाराचा फवारा जातो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. धारेचा फवारा बारीक आणि सरळ जातो, अडीच-तीन मीटरपर्यंत पोचतो आणि वाऱ्याला फारशी दाद देत नाही. मात्र नेम धरावा लागतो. धुक्यासारख्या फवाऱ्याला नेमाची फारशी गरज नसते, कारण तो पसरतो आणि श्वासावाटेही आत जातो. पण वारा उलटा असेल तर तोच मागे फिरतो, आणि बंद जागेत सगळ्यांनाच लागतो. जेल जड असल्याने लांब जाते, उडत नाही, जिथे पडेल तिथे चिकटते. डोळ्यांपर्यंत झिरपायला मात्र त्याला थोडा जास्त वेळ लागतो. रस्त्यावर, पायी किंवा दुचाकीवर वावरणाऱ्या व्यक्तीला धारेचा फवारा सर्वांत सोयीचा. रुग्णालयातील रात्रपाळी, लिफ्ट, जिना, छोटे दुकान अशा आतल्या जागांसाठी जेल बरे.

बंद जागेत धुके काय करते ते देशाने पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाच्या विधेयकावरून लोकसभेत गोंधळ चालू असताना विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी पेपर स्प्रे मारला. सभागृह रिकामे करावे लागले आणि अनेक खासदारांना रुग्णालयात न्यावे लागले. एवढ्या मोठ्या, उंच छताच्या दालनात ही अवस्था, तर मोटारीत किंवा लिफ्टमध्ये धुके फवारणारी व्यक्ती स्वतः वाचणे कठीण.

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यांना ग्राहक भुलतात. किती टक्के ओलिओरेझिन आहे, यावरून तिखटपणा कळत नाही, कारण अर्कच सौम्य किंवा जहाल असू शकतो. ‘२० लाख स्कोव्हिल’ (तिखटपणाचे एकक) हा आकडाही बहुतेकदा डब्यात भरण्यापूर्वीच्या अर्काचा असतो. खरे मोजमाप भरलेल्या द्रवात कॅप्सेसिन-वर्गातील पदार्थ किती टक्के आहेत, हे होय. चांगल्या उत्पादनांत ते साधारण ०.१८ ते १.३३ टक्के असते. हा आकडा छापलेला नसेल तर निदान उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि पल्ला तरी छापलेला असावा. यांतले काहीच नसलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बटणाचे कुलूप कसे उघडते, हेही दुकानातच पाहावे. झाकण उचलून अंगठा आत घालण्याची रचना चांगली; टोपी ओढून काढावी लागणारा डबा ऐन वेळी दोन्ही हात गुंतवतो.

छत्रपती संभाजीनगरात या डब्याचा सर्वांत मोठा शत्रू ऊन आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याबाहेर दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिक्कीत तापमान त्याहून कितीतरी वर जाते. असे डबे साधारण ५० अंशांखाली ठेवावेत, अशी सूचना त्यांच्यावरच छापलेली असते. सतत तापल्याने झडप ढिली होते आणि दाब हळूहळू निघून जातो, आणि हे बाहेरून दिसत नाही. डबा भरलेला वाटतो, बटण दाबल्यावर मात्र धार पायाशी गळते. म्हणून डिक्की किंवा मोटारीचा कप्पा ही त्याची जागा नव्हे. तो अंगावर किंवा सोबतच्या पिशवीत असावा, तोही तळाशी जेवणाचा डबा, किल्ल्या, छत्रीखाली गाडलेला नव्हे, बाहेरच्या कप्प्यात, नेहमी एकाच जागी. स्टँडवरून अंधाऱ्या गल्लीत शिरण्याआधी तो हातातच घेतलेला बरा. हल्ला सुरू झाल्यावर पिशवी उघडायला वेळ मिळत नाही. चिकलठाण्याहून विमानाने जाताना तो घरी ठेवावा. हातातल्या सामानात नाही आणि तपासून दिलेल्या बॅगेतही नाही, असा विमान प्रवासाचा नियम आहे.

नवा डबा घेतल्यावर मोकळ्या जागी, वारा पाठीशी घेऊन, अर्धा सेकंद एकदा फवारून पाहावा. पल्ला समजतो आणि बोटाला बटणाचा जोर कळतो. त्यानंतरचा सराव कुलूप न उघडता करावा: पिशवीतून काढणे, मूठ आवळणे, अंगठा बटणावर नेणे. तर्जनीपेक्षा अंगठ्याने दाबल्यास डबा मुठीत घट्ट राहतो आणि हिसकावला जात नाही. अंधारात तोंड कुठे आहे हे चाचपून कळावे, इतका सराव हवा.

प्रत्यक्ष वेळ आली तर पहिले हत्यार आवाज आहे. ‘मागे हो!’ असे जोरात ओरडल्याने आजूबाजूचे लोक वळून पाहतात आणि धोका होता याचे साक्षीदारही तयार होतात. दुसरा हात पुढे धरून अंतर राखावे. एक ते तीन मीटर हे योग्य अंतर. त्याहून जवळून मारलेली जोरदार धार डोळ्याला कायमची इजा करू शकते. डोळ्यांच्या रेषेत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, अर्धा ते एक सेकंद फवारून लगेच बाजूला सरकावे, कारण आंधळा झालेला माणूस समोर झेपावतो. मग थांबू नये. परिणाम झाला का हे पाहत उभे राहणे ही सर्वांत महाग चूक आहे.

या शहरात उन्हाळ्यात अनेक दुचाकीस्वार डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला रुमाल बांधून फिरतात. अशा चेहऱ्यावर धार डोळ्यांना लागत नाही. कपाळावर, गॉगलच्या वरच्या कडेला मारावी, म्हणजे द्रव खाली उतरतो. साखळी ओरबाडून दुचाकीवरून निघून जाणाऱ्यांपुढे फवारा निरुपयोगी आहे. तिथे गाडीचा रंग आणि क्रमांक लक्षात ठेवणे अधिक कामाचे. अंगावर येणाऱ्या मोकाट कुत्र्यावर तो परिणाम करतो, पण टोळी असेल तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरणे बरे.

फवारा कुठे वापरू नये, याचा विचार या शहराला रिक्षाच्या संदर्भात करावाच लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, शिकवणीहून घरी निघालेल्या एका अल्पवयीन मुलीने रिक्षाचालकाच्या अश्लील बोलण्याला घाबरून सिल्लेखाना परिसरात धावत्या रिक्षातून उडी मारली. तिच्या डोक्याला मार लागला. सीसीटीव्हीतले ते दृश्य राज्यभर पाहिले गेले आणि पोलिसांनी चालकाला अटक केली. अशा घटनेनंतर साहजिकच पालकांनी मुलींना फवारा घेऊन देण्याची चर्चा होते. पण धावत्या रिक्षात तो नेमका चुकीचा ठरतो. रिक्षा पुढून वारा घेते. मागच्या सीटवरून पुढे मारलेला फवारा मारणारीच्याच तोंडावर येतो. लागलाच तर चालक आंधळा होतो आणि जालना रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर तीनचाकी उलटायला एवढे पुरे. अशा वेळी ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावून फोन चालू ठेवणे, रिक्षाचा क्रमांक मोठ्याने सांगणे, बाहेर ओरडणे, आणि सिग्नलला किंवा गर्दीत वेग कमी होताच उतरणे, हा क्रम आहे. उतरल्यावर चालक पाठलाग करू लागला, तर तेव्हा फवारा कामाला येतो. मुलीच्या हातात नुसता डबा देऊन हे न सांगणारे पालक तिला अर्धेच साधन देतात.

स्वतःला फवारा लागला तर डोळे चोळू नयेत. मोकळ्या हवेत जावे, पापण्यांची उघडझाप करून अश्रू वाहू द्यावेत, भरपूर गार पाणी मारावे. त्वचेवरचा तेलकट थर साबणाने किंवा लहान मुलांच्या शाम्पूने निघतो. तेल किंवा मलम लावू नये. त्याने अर्क पसरतो. हात स्वच्छ धुऊन मगच कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात. दूध हा रामबाण उपाय समजला जातो, पण स्वयंसेवकांवर पाणी, दूध, शाम्पू वगैरेंची तुलना झाली तेव्हा यांत फारसा फरक आढळला नाही. आराम मुख्यतः वेळेनेच पडला. दमा असणाऱ्याचा श्वास कोंडू लागला, किंवा तासाभरानेही डोळा उघडत नसेल, तर घाटी (शासकीय रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

कायद्याने पेपर स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही; १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील परवान्याची तरतूद त्याला लागू नाही. वापराचे तसे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो, भीती संपताच संपतो, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा देत नाही. पळून जाणाऱ्यावर, जमिनीवर पडलेल्यावर, किंवा नुसत्या शिवीगाळीवर मारलेला फवारा बचावात मोडत नाही. कलम ११८ मध्ये घातक साधनांनी इजा करणे हा गुन्हा आहे आणि श्वासातून घेतल्यास अपायकारक ठरणारे पदार्थही त्यात येतात. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे बेंगळुरूचा एक मालमत्तेचा वाद आला होता. फवारा मारणाऱ्यांनी स्वसंरक्षणाचा मुद्दा घेतला; जिवाला तातडीचा धोका दिसत नव्हता म्हणून न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला आणि पेपर स्प्रेला घातक साधन मानले. भांडणात वरचढ ठरण्यासाठी फवारा काढणाऱ्याने हा निर्णय लक्षात ठेवावा.

म्हणूनच वापर झाल्यावर गप्प घरी जाणे धोक्याचे असते. समोरचाच आधी तक्रार करू शकतो. सुरक्षित जागी पोचताच ११२ वर घडलेले सांगावे, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे, रिकामा डबा फेकू नये. शहरात पोलिसांचे दामिनी पथकही मदतीला येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याला माहिती दिली की ती नोंदवून घ्यावीच लागते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र मग तीन दिवसांत सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.