इंग्रजी नामांचे प्रकार : आधी उपयोग, मग नाव
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इंग्रजीचे शिक्षण पहिल्या इयत्तेपासून सुरू झाले. त्यामुळे इंग्रजी नामांचा विचार प्राथमिक शिक्षकासही टाळता येत नाही.

व्याकरणाच्या रूढ पुस्तकांत नामांचे पाच प्रकार दिलेले असतात : विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक व भाववाचक. मुले ही नावे घडाघडा म्हणून दाखवितात, परंतु वाक्य लिहू लागताच अडखळतात. कारण वाक्यरचनेस पदोपदी लागणारा भेद निराळाच आहे. तो म्हणजे गणनीय व अगणनीय नामांचा. 'बुक' गणनीय, म्हणून 'अ बुक', 'मेनी बुक्स'. 'वॉटर' अगणनीय, म्हणून 'मच वॉटर', आणि मोजावयाचेच झाल्यास 'अ ग्लास ऑफ वॉटर', जसे आपण 'पेलाभर पाणी' म्हणतो.

'जे मोजता येते ते गणनीय' एवढे सांगून मात्र भागत नाही. मोजणे हे येथे वस्तूवर नव्हे, तर भाषेच्या रूढीवर अवलंबून असते. आपण 'तांदूळ संपले' असे अनेकवचनी बोलतो. इंग्रजीत 'राइस' एकवचनी चालतो. आपले केस 'पांढरे होतात'. डोक्यावरील केस या अर्थी 'हेअर' मात्र एकवचनी. आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो; 'अ‍ॅडव्हाइस' व 'न्यूज' अगणनीय आहेत, आणि 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असूनही क्रियापद एकवचनीच येते. उलटपक्षी आपली कात्री व चष्मा एकवचनी; 'सिझर्स' व 'स्पेक्टॅकल्स' अनेकवचनी.

यास्तव 'माय हेअर्स आर ब्लॅक' असे लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते मातृभाषेच्या नियमाने विचारपूर्वकच चाललेले असते. त्याच्या वहीत नुसती तांबडी फुली मारली, तर इंग्रजी तर येत नाहीच, शिवाय स्वतःच्या विचारावरील त्याचा विश्वासही उडतो. त्याऐवजी मराठी व इंग्रजी वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि फरक मुलांनाच शोधू द्यावा.

आणखी एक गोष्ट. प्रकार सुट्या शब्दाचा नव्हे, वाक्यातील शब्दाचा विचारावा. 'पेपर' म्हणजे कागद हा पदार्थ, तेव्हा तो अगणनीय. परंतु 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका, तेव्हा तो गणनीय.

वर्गात फळ्याचे दोन भाग करावेत : एकावर 'मेनी', दुसऱ्यावर 'मच'. स्वयंपाकघरातील व शेतातील वस्तूंची इंग्रजी नावे मुलांनी योग्य त्या भागात लिहावीत व प्रत्येकाचे एक वाक्य करावे. असा सराव झाल्यावर पाचही प्रकारांची नावे अवश्य शिकवावीत. तोवर ती मुलांना ओझे वाटणार नाहीत. आधीच ओळखीच्या झालेल्या गोष्टींची ती केवळ नावे असतील.