मुलांची मागणी, आपली ईदी

(तरुण पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, समाजापुढे शिक्षण, नोकरी, घर असे प्रश्न असताना खेळण्यांवर भाषण कशाला? कारण साधं आहे. पैसा म्हणजे काय, न्याय म्हणजे काय आणि या घरात माझी किंमत काय, या गोष्टी मूल शाळेच्या आधी घरात शिकतं. ईद आणि वाढदिवस हे त्या शिकवणीचे मोठे दिवस असतात.

तुमच्यातले बरेच जण अजून अम्मी-अब्बू झालेले नाहीत. पण कोणी मामू आहे, कोणी खाला, कोणी चाचू, कोणी फुफी. ईदी तुम्हीही देता, म्हणून हे तुमच्यासाठीही आहे.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही १९३३ सालची कथा आपल्याला माहीत आहे. चार-पाच वर्षांचा हमीद, खिशात तीन पैसे. मित्र मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात आणि हमीद दादीसाठी चिमटा आणतो, कारण भाकरी करताना तिची बोटं भाजतात. ही गोष्ट आपण मुलांना कधी सांगतो? मूल हट्ट करतं तेव्हा. “बघ, हमीद किती शहाणा होता!” म्हणजे ते मागतं म्हणून वाईट, हमीद मागत नव्हता म्हणून चांगला.

कथा नीट वाचा. हमीदलाही खेळणी हवी असतात, त्याचंही मन ललचावतं. चिमटा पाहून दादी अमीना आधी रागावते, दुपार झाली तरी पोरानं काही खाल्लं-प्यायलं नाही म्हणून. मग तिच्या लक्षात येतं की या एवढ्याशा जिवानं किती मन मारलं असेल, आणि ती रडते. ती नातवाचं मन ओळखते. आपण मात्र हीच गोष्ट मुलाचं मन गप्प करायला वापरतो. मला आज एवढंच सांगायचं आहे: मुलाची प्रत्येक मागणी पुरी करणं आपलं कर्तव्य नाही, पण मागितलं म्हणून त्याला लाज वाटायला लावण्याचा हक्कही आपल्याला नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, खरं बोलायचं. आपल्या घरांत “इन्शाअल्लाह” या सुंदर शब्दाचं आपण काय केलंय पाहा. मूल सायकल मागतं. घ्यायची नाही हे आपण ठरवलेलं असतं, तरी म्हणतो, “इन्शाअल्लाह घेऊ.” दोन-तीनदा असं झालं की मुलाला अर्थ कळतो: इन्शाअल्लाह म्हणजे नाही. एका हदीसमध्ये असं येतं, की एक आई “ये, तुला काहीतरी देते” म्हणून मुलाला बोलावत होती. पैगंबर साहेबांनी विचारलं, काय देणार आहेस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितलं, की काहीच दिलं नसतंस तर ते तुझ्या नावावर खोटं म्हणून लिहिलं गेलं असतं. एका खजुराची ही गोष्ट आहे. आपण तर सायकलीचं आश्वासन देतो.

तेव्हा “नाही” म्हणायचं असेल तर “नाही” म्हणा, प्रेमानं म्हणा आणि कारण सांगा. “यंदा एवढ्या रकमेत बसेल तेच घेऊ. दोन गोष्टी मी सांगते, त्यातली एक तू निवड.” लहान मुलाला पूर्ण बाजार दाखवून “काय हवं?” विचारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दोन-तीन गोष्टींतून निवडणं त्याला जमतं. “पुढच्या महिन्यात” हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. कॅलेंडरवर रोज एक चौकोन खोडायला द्या, ते त्याला कळतं.

दुसरी गोष्ट, हिशेब. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. २०२४ मध्ये आपल्याकडे रमजान ईद ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. ईद पगाराची तारीख बघून येत नाही. ती कधी महिनाअखेरीला येते, कधी शाळेच्या फीसोबत, आणि सव्वादोन महिन्यांत बकरी ईद उभी राहते. म्हणून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवा. हप्त्यावर किंवा बचत गटाच्या कर्जातून खेळणं आणू नका. मूल ते खेळणं महिन्याभरात विसरतं, हप्ता वर्षभर घरात बसतो.

तिसरी गोष्ट, समानता. नोमान बिन बशीर यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि पैगंबर साहेबांना साक्षीदार करायचं ठरलं. पैगंबरांनी विचारलं, तुझ्या सगळ्या मुलांना असंच दिलंस का? उत्तर आलं, नाही. त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करा असं सांगितलं. वडिलांनी भेट परत घेतली.

आता आपलं घर बघू. मुलाला बॅट, सायकल, रिमोटची गाडी. मुलीला बांगड्या, शरारा, भातुकली. मुलाची ईदी त्याच्या खिशात, मुलीची ईदी अम्मीच्या कपाटात, “शादीच्या वेळी कामाला येईल.” सात वर्षांच्या मुलीला आपण न बोलता सांगतो, की तुझे पैसे तुझे नाहीत, ते तुझ्या लग्नाचे आहेत. मोठी झाल्यावर ती मेहेर मागायला, वारशातला हिस्सा मागायला का कचरते, याचं एक उत्तर इथे आहे. मुलाला म्हणून दिलेली भेट मुलाच्या मालकीची, पालक फक्त तिचे राखणदार, हे फिकहचं जुनं तत्त्व आहे. ते मुलीलाही लागू आहे. ईदी मोजून एका वहीत लिहा, मुलाकडूनच लिहून घ्या. काही खर्चायला, काही साठवायला, काही द्यायला. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतःचं बचत खातं चालवता येतं. मुलीचं खातं आधी उघडा.

चौथी गोष्ट नातेवाइकांची. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतले बाप कुवेत, दुबई, सौदीत आहेत. दोन वर्षांनी येताना बॅगा भरून खेळणी आणतात, कारण त्यांना वेळ देता आलेला नसतो. त्यांना दोष देऊ नका. पण त्यांना सांगा, की रोज रात्री दहा मिनिटं फोनवर गोष्ट सांगणं हीसुद्धा ईदीच आहे. आणि मामू-खालांनो, अम्मीनं “नाही” म्हटलेली वस्तू परस्पर आणू नका. आधी विचारा. तुमच्या लाडामुळे तिचा शब्द पडतो.

वाढदिवस साजरा करावा की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. ज्यांच्या घरी होतो, त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला रिटर्न गिफ्ट देण्याची शर्यत लावू नये, कारण पुढच्या मुलाच्या आईला ती झेपत नाही. ज्यांच्या घरी होत नाही, त्यांनी मुलाला मित्राच्या वाढदिवसाला जाण्यापासून तोडू नये. आणि खेळणं कोणतंही घ्या, त्यावर आयएसआयचं चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

शेवटची गोष्ट. आपली ईद घेण्यानं सुरू होत नाही, देण्यानं सुरू होते. ईदच्या नमाजआधी फितरा द्यायचा असतो, घरातल्या लहान मुलांच्या वतीनंही. आपण तो गुपचूप देऊन टाकतो, मुलाला पत्ताच नसतो. यंदा त्याला सांगा, “हा तुझ्या नावाचा फितरा. गहू, जव, खजूर यांच्या भावावरून ही रक्कम ठरते आणि ती ज्याच्या घरी ईद अडली आहे त्याच्याकडे जाते.” पण घेणाऱ्या घरात मुलाला मिरवायला नेऊ नका. तिथेही एक हमीद असतो. त्यालाही खेळणं हवं असतं आणि त्यालाही लाज वाटते.

या ईदला एवढंच करा. आपल्या घरातल्या, आपल्या गल्लीतल्या एका मुलाजवळ बसा आणि विचारा, “तुला काय हवंय?” पूर्ण ऐका. मग जे जमेल ते द्या आणि जे जमणार नाही ते खरं सांगा.

जय हिंद, जय संविधान.