लहान राज्याचा वकील



परक्या राजधानीत लहान राज्याचा वकील काय करतो, याची चर्चा परभणीत कशाला, असे कोणी म्हणेल. पण १९४८ साली हा जिल्हा ज्या राज्यात होता, त्या राज्याने हाच खेळ खेळून पाहिला. हाली रुपया निराळा, टपालाचे तिकीट निराळे, रेल्वे राज्याची. मग परमुलखात वकीलही असावा, असे निजाम सरकारास वाटले यात नवल नाही.

हैदराबाद संस्थान तसे लहान नव्हते. १९४१ साली त्याची वस्ती दीड कोटीहून अधिक होती. पण त्याला समुद्र नव्हता आणि चारी अंगांनी हिंदुस्थान होता. ते लहान होते ते वजनाने.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला. त्याच्या दुसऱ्या कलमाने दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या राजधानीत एजंट नेमायचे ठरले. भारताने कन्हैयालाल मुन्शींना धाडले. निजामातर्फे दिल्लीत नवाब झैन यार जंग बसले. मुन्शींचा मुक्काम पडला बोलारमला. इंग्रजांचा रेसिडेंट कोठीच्या महालात राहून संस्थानावर हुकूमत चालवी. नव्या एजंटाचे बिऱ्हाड तिथे नव्हते. वकिलाचे घर कुठले, यावरूनही त्याचा दर्जा वाचला जातो.

पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे याच हैदराबादच्या दरबारात होते. दरबारात कोण चढला, कोण उतरला, हे पुण्यास कळवणे हे वकिलाचे खरे काम. मोठ्या राष्ट्राचा वकील वेळेला डोळे वटारू शकतो. लहानाच्या वकिलाजवळ डोळे, कान आणि धन्याला कडू बोलण्याचे धैर्य एवढेच असते. आणि ऐकणारा धनी नसेल तर तेही फुकट. १९४८ च्या उन्हाळ्यात कासीम रझवींच्या सभा हैदराबादेत अशा गर्जत होत्या, की दिल्लीचा अदमास सांगणाऱ्याचे शब्द त्यात कितीसे ऐकू जाणार?

याहून मोठी उणीव दुसरीच होती. हे वकील बोलत होते कोणाच्या वतीने? स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, आणि मराठवाड्यातली कितीतरी माणसे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात तळ देऊन राहिली होती. आपल्यापैकी काहींचे वडील त्यांत असतील. वकील निजामाचे होते, परभणीचे नव्हते.

२१ ऑगस्टला हैदराबादची तक्रार सुरक्षा समितीकडे गेली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती विचारास आली, आणि दुसऱ्याच दिवशी इकडे निजामाने लढाई थांबवली. बावीस तारखेला त्याने तक्रार मागे घेतली. शिष्टमंडळ परदेशात, आणि ज्याच्यासाठी बोलायचे ते सरकारच उरलेले नाही!

लंडनमधली गोष्ट तर याहून विलक्षण. २० सप्टेंबरला, म्हणजे शरणागतीनंतर, शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाझ जंग यांच्या सूचनेवरून वेस्टमिन्स्टर बँकेतले हैदराबादचे १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे तिथले हायकमिशनर रहीमतुल्ला यांच्या नावे गेले. आठवड्याच्या आत निजामाने ते परत मागितले. पण वाद लागला आणि बँकेने पैसे अडकवून ठेवले. १९५७ साली प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, तरी निकाल लागला नाही. परक्या सार्वभौम राष्ट्रावर दावा कसा चालवायचा, ही अडचण आली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने पाकिस्तानचा हक्क नाकारला आणि ठेव भारत व निजामाच्या वारसांच्या बाजूने गेली. दहा लाखांचे तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते.