कपडे तिचे, निर्णय कुणाचा?

(रत्नागिरीत तरुणांसमोर केलेले भाषण)

घरातले जुने फोटो काढून बघा. आपल्या कोकणात कितीतरी घरांत दादी साडीत दिसेल, डोक्यावर पदर. पुढे घरातली माणसे आखातात नोकरीला गेली आणि तिकडचा अबायाही घरात आला. म्हणजे आपला पेहराव याआधीही बदललेला आहे. त्याने कुणी धर्माबाहेर गेले नाही.

मग आज एखादी मुलगी बुरखा सोडते किंवा नव्याने घालू लागते, तेव्हा एवढा गहजब का? भावाने लुंगी सोडून जीन्स घातली, तेव्हा मोहल्ल्यात कुणी जाब विचारला नव्हता.

कॉलेजेही हेच करतात. चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपीवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली. सक्तीने उतरवणारे असोत की सक्तीने घालणारे, तिला कुणीच विचारत नाही.

सवय एका दिवसात मोडत नाही. वर्षानुवर्षे अंगावर असलेला बुरखा काढून बाजारात जाताना पाय अडखळतात. पहिल्यांदा हिजाब बांधून वर्गात शिरतानाही तसेच होते. त्यात घरच्यांचे टोमणे आले की मुलगी माघार घेते.

म्हणून भावांनो, एवढे करा. बहिणीने काय घालायचे ते तिला ठरवू द्या. आणि बाहेर कुणी बोलले, तर तिच्या बाजूने बोला.