पाचारण पुन्हा ऐकावे



गुरुदीक्षा मिळाली म्हणजे पाचारण संपले, असे नव्हे. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली ह्यांस इंग्लंडात १७२८ साली याजकपद मिळाले. अंतःकरण मात्र २४ मे १७३८ च्या रात्री चेतले. पुढल्याच वर्षी ते ब्रिस्टलनजीकच्या कोळसाखाणींतील मजुरांस उघड्या माळावर उपदेश करू लागले. त्यांचा पंथ आपला नव्हे; तथापि विभक्त बांधवांच्या ठायी जे चांगले ते ओळखावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ साली सांगितलेच आहे.

पिंपरीपासून चाकणपर्यंत घरोघरीचा दिवस कारखान्याच्या पाळीवर ठरतो. रविवारी पाळी असलेला कामगार मिस्सेला दिसला नाही, तर त्यास बोल लावण्याआधी त्याच्या दारी जावे, हे आम्हां धर्मगुरूंचे पाचारण होय.

मातापित्यांनो, तुमचेही एक पाचारण आहे. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९३ साली कँडी येथे स्थापिलेले गुरुविद्यालय १९५५ साली पुण्यास आले. ते आपल्या इतके जवळ आहे. मुलगा नोकरीविषयी बोलतो, तेव्हा आपण कान देतो. तो याजकपदाविषयी बोलेल, तेव्हाही तितक्याच शांतपणे ऐकावे. त्यास ढकलू नये, अडवूही नये.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.