हॅमस्टर आजारी आहे, हे ओळखायचं कसं?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात उंदराएवढ्या प्राण्यावर भाषण कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण कुत्रा नको, मांजर नको, मग वाढदिवसाला हॅमस्टर, असा तह आपल्या सोसायटीत बऱ्याच घरांत झालाय. आणि मग "काकू, हा उठतच नाहीये" म्हणत मुलं माझ्या दारात येतात. मी पशुवैद्य नाही, शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे औषधं सांगणार नाही, ओळखायचं कसं तेवढं सांगते.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारी तळोज्यात निळे कुत्रे फिरत होते, आठवतं ना? कारखान्यातला रंग अंगाला लागलेला. अख्ख्या देशानं फोटो पाहिले. त्या कुत्र्यांचं निदान डोळ्यांना दिसलं तरी. हॅमस्टर म्हणजे रानात घुबडाचं, सापाचं भक्ष्य. आजारी दिसला की संपला, म्हणून तो दुखणं लपवतो. आपल्या लक्षात येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

शिवाय तो रात्रीचा प्राणी. आज घरोघरी दिसणाऱ्या मोठ्या, सोनेरी जातीची पैदास १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ बिळातून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांपासून झाली. घरात पाळलेला हॅमस्टर दिवसा झोपतो, रात्री जागतो. म्हणून दुपारी झोपलेला हॅमस्टर आजारी नसतो. रात्री जेवणं आटोपल्यावर दहाच्या सुमाराला बघा. चाक फिरत नाही, दाणे गालात भरून कोपऱ्यात नेलेले नाहीत, पाठीला कुबड काढून बसलाय, केस पिंजारलेत, डोळे अर्धवट मिटलेत, श्वासाला टिकटिक आवाज येतोय, यातलं काहीही दिसलं तर सकाळ झाली की डॉक्टर गाठायचा.

एका गोष्टीला मात्र सकाळचीही वाट बघू नका. शेपटीखालचा भाग ओला, घाण वास, पातळ शी. दुकानातून नुकत्याच आणलेल्या लहान पिल्लांना हे जास्त होतं, आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक चिमूटभर द्यायचा मोह होतो. देऊ नका! पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांनी हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यानंच तो दगावू शकतो.

उलट काही गोष्टींना उगाच घाबरतात. दात पिवळे-केशरी असणं नॉर्मल आहे. मोठ्या जातीत कमरेच्या दोन्ही बाजूंना काळसर डाग असतात, त्या ग्रंथी आहेत, गाठी नव्हेत. गाल फुगलेला म्हणजे आत शिधा आहे. पण एकच गाल दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर दाखवा.

सगळ्यात खात्रीचं साधन स्वयंपाकघरातच आहे, डिजिटल वजनकाटा. दर रविवारी वाटीत बसवून वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. मोठ्या जातीचा हॅमस्टर साधारण १०० ते १५० ग्रॅम असतो. त्यात दहा-पंधरा ग्रॅम घटले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि ते नुसत्या नजरेला कळत नाही.

आता मनाच्या त्रासाबद्दल. पिंजऱ्याच्या सळ्या सतत चावणं, एकाच कोपऱ्यात येरझारा, हात लावला की दात दाखवणं, हा लाड नव्हे, वैताग आहे. बहुतेक वेळा पिंजरा लहान असतो, किंवा "एकटा कंटाळेल" म्हणून सोबत दुसरा आणलेला असतो. मोठ्या जातीला सोबत नको असते, दोघे रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. गणपतीत आणि दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत न्या. (आजच्या लाउडस्पीकरबद्दल सेक्रेटरींना मी आधीच बोलले आहे.) एप्रिल-मे महिन्यांत रोडपालीच्या उकाड्यात पिंजरा बंद बाल्कनीत ठेवला तर आडवा पडून, लाळ गाळून जातो. सावलीत, वाऱ्याला ठेवा, जवळ ओला गार कपडा असू द्या. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

सगळेच प्राण्यांचे डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत. म्हणून तो धडधाकट असतानाच कळंबोली, पनवेल, खारघरला फोन करून विचारून ठेवा. नेताना भोकं पाडलेला छोटा खोका, पाण्याऐवजी काकडीची फोड, आणि ओली झालेली अंथरणीची चिमूट पिशवीत घालून न्या. मुलालाही बरोबर न्या. चाक कुठल्या रात्रीपासून थांबलं ते डॉक्टरांना तोच नीट सांगेल.