पंधरवड्याचे सलाइन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात उभयतांनी केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस मुलांच्या आजाराविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी एकच सूचना केली. रोगाचे नाव तेवढे घेऊ नये. ते नाव आम्ही प्रारंभीच घेतो. आमची सात वर्षांची कन्या व चार वर्षांचा पुत्र, दोघांसही गोशे रोग आहे.

हा रोग स्पर्शाने होत नाही. शरीरातील एका स्निग्ध द्रव्याचे विघटन करणारे एन्झाइम या मुलांत पुरेसे नसते. मग ते द्रव्य प्लीहेत, यकृतात व हाडांच्या मगजात साचत जाते. फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने १८८२ साली या रोगाचे वर्णन केले. एन्झाइमची उणीव १९६५ साली उमगली. आणि ते बाहेरून देण्यास अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली. आमच्या आजोबांच्या काळी अशी मुले नुसती 'पोट सुटलेली' म्हणूनच गेली असतील. आमच्या मुलीसही प्रथम जंतांचेच औषध झाले.

दर पंधरा दिवसांनी दोघांस इस्पितळात नेऊन शिरेवाटे हे औषध द्यावे लागते. त्यास एक ते दोन तास लागतात. मुलगी आधी हात पुढे करते, म्हणून मुलगाही करतो. ती रडली तर तो आधीच रडतो. थोरलीवर हा भार टाकणे न्याय्य नव्हे असे आम्हांस वाटे, म्हणून हल्ली पाळीपाळीने एकेकाचा पहिला मान असतो. घरात भांडणास बंदी नाही, मात्र पोटावर मारावयाचे नाही, हा नियम कडक आहे. वाढलेल्या प्लीहेस धक्का लागणे धोक्याचे. परिणामी आमच्या घरी वेण्या फार ओढल्या जातात.

आमच्या मुलांस दर किलो वजनास ६० युनिट औषध ठरले आहे आणि एका कुपीत ४०० युनिट असतात. तेरा किलोच्या मुलास दोन कुप्या, वीस किलोच्या मुलीस तीन. मूल वजनाने भरले की आईबापांस धन्यता वाटावी; आम्ही त्याच वेळी मनात कुप्याही मोजतो. केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मिळ आजारांविषयी धोरण आखले व २०२२ साली साहाय्याची मर्यादा प्रत्येक रोग्यामागे ५० लाख रुपये केली. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. ही रक्कम मोठी खरी, परंतु ती संपते आणि औषध जन्मभराचे आहे. पुढे काय, याचे उत्तर आम्हांपाशी नाही.

आता ज्ञातीपुरते. आम्ही दोघेही निरोगी. परंतु दोघांतही सदोष जनुकाची एकेक प्रत आहे. अशा जोडप्यास प्रत्येक गर्भारपणी मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. 'एक झाले, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब आम्हांस पुष्कळांनी प्रेमाने ऐकविला. तो खोटा आहे. दर खेपेस फासा नव्याने पडतो. आपल्यात मामाची मुलगी करण्याची चाल आहे. एकाच आजोबांकडून तेच जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव तेथे अधिक.

कित्येक भगिनींनी खासगीत विचारले, "मुलीचे पुढे कसे होणार?" तिची सर्व मुले जनुकाची वाहक होतील, रोगाचे भय तिचा पतीही वाहक किंवा रोगी असेल तरच. ते रक्ताच्या तपासणीने कळू शकते. आमच्या दोन्ही घराण्यांतील अकरा जणांनी ती करून घेतली. काहींनी अजून दार लावून घेतले आहे. अकरांत तिघे वाहक निघाले. त्यांपैकी एका तरुणाने ही गोष्ट मुलीकडील मंडळींस स्वतः जाऊन सांगितली. मुलीनेही तपासणी केली. ती वाहक नाही. मुहूर्त वैशाखातला धरला आहे.